जपानचे रेशीम आणि रिकार्डोचा हिशोब

एखादा देश प्रत्येकच वस्तू शेजाऱ्यापेक्षा कमी श्रमात तयार करत असेल, तर त्याने शेजाऱ्याकडून काही विकत घ्यावे का? आणि ज्याला एकही वस्तू इतरांइतक्या कमी श्रमात करता येत नाही, त्या शेजाऱ्याने विकायचे तरी काय? सहज सुचणारे उत्तर असे की पहिल्याला व्यापाराची गरज नाही आणि दुसऱ्याला व्यापारात जागा नाही. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, हे डेव्हिड रिकार्डो या लंडनच्या रोखे-व्यापाऱ्याने १८१७ साली अवघे चार आकडे मांडून दाखवले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत तो हाच. तो पाठ करायला सोपा आणि मनापासून पटायला अवघड आहे, म्हणून त्याचा हिशोब एकदा सावकाश करून पाहणे मला आवश्यक वाटते.

रिकार्डोच्या आधी ॲडम स्मिथने १७७६ मध्ये श्रमविभागणीचे महत्त्व सांगितले होते. टाचण्यांच्या छोट्या कारखान्यात दहा माणसे काम वाटून घेतात तेव्हा दिवसाला ४८,००० टाचण्या तयार होतात, आणि यातल्या एकेकट्याने सगळे काम केले असते तर त्याच्या हातून वीसही झाल्या नसत्या, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ज्याला जे स्वस्तात जमते ते त्याने करावे, हेच तत्त्व स्मिथने देशांनाही लावले. मात्र एकालाच सगळे स्वस्तात जमत असेल तर काय, हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

रिकार्डोने उदाहरणासाठी इंग्लंड आणि पोर्तुगाल हे देश आणि कापड व वाइन या वस्तू निवडल्या. इंग्लंडमध्ये ठरावीक कापड तयार करायला १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइनला १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडाला ९० आणि तेवढ्याच वाइनला ८० माणसे पुरतात. म्हणजे दोन्ही वस्तूंत पोर्तुगाल सरस आहे. आता समजा, कापडाचा एक नग वाइनच्या एका नगाला या दराने अदलाबदल झाली. इंग्लंड १०० माणसांनी विणलेले कापड पाठवतो आणि जी वाइन घरी करायला १२० माणसे लागली असती ती मिळवतो. त्याचे वीस माणसांचे वर्षभराचे श्रम वाचतात. पोर्तुगाल ८० माणसांनी केलेली वाइन देतो आणि ज्याला ९० माणसे लागली असती ते कापड घेतो. त्याची दहा माणसे मोकळी होतात. कापड विणण्यात पोर्तुगाल इंग्लंडपेक्षा कुशल असूनही ते विकत घेण्यातच त्याचे हित आहे.

हे घडते याचे कारण खर्च मोजण्याच्या पद्धतीत आहे. वाइनचा खरा खर्च म्हणजे ती करण्यासाठी जे कापड सोडून द्यावे लागले ते. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. वाइनच्या एका नगासाठी इंग्लंडला १.२ नग कापड सोडावे लागते, तर पोर्तुगालला केवळ ०.८९ नग. साहजिकच वाइन पोर्तुगालमध्ये स्वस्त आहे. पण हेच गुणोत्तर उलटे करून पाहिले की कापडाच्या एका नगासाठी इंग्लंड ०.८३ नग वाइन सोडतो आणि पोर्तुगाल १.१३ नग. म्हणजे कापड इंग्लंडमध्ये स्वस्त आहे, आणि ते असणारच, कारण दुसरे गुणोत्तर हे पहिल्याचेच उलटे रूप आहे. कोणताही देश सगळ्याच वस्तूंत तुलनेने स्वस्त किंवा सगळ्यांतच तुलनेने महाग असू शकत नाही. निष्णात डॉक्टरला पुड्या बांधण्याचे काम कंपाउंडरपेक्षा भरभर जमत असले, तरी पुड्या बांधण्यात गेलेल्या प्रत्येक तासाची किंमत न तपासलेल्या रुग्णांत मोजावी लागते. कंपाउंडरच्या तासाची किंमत तशी नसते.

अदलाबदलीचा दर, म्हणजे वाइनच्या एका नगाला मिळणारे कापड, ०.८९ आणि १.२ नगांच्या दरम्यान कुठेही असला तरी दोघांचा फायदा होतो. मात्र तो कोणाच्या बाजूला अधिक झुकेल हे त्या दरावर ठरते, आणि या चार आकड्यांवरून तो दर काढता येत नाही. रिकार्डोने आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली आहे, जिच्याकडे पाठ्यपुस्तके बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. इंग्लंडचे भांडवल आणि कामगार पोर्तुगालला सहज जाऊ शकले असते, तर दोन्ही वस्तू तिथेच तयार करणे सोयीचे ठरले असते. परक्या देशात पैसा गुंतवायला आणि जन्मभूमी सोडायला माणूस सहसा राजी नसतो, या निरीक्षणावर त्याचा सगळा युक्तिवाद उभा आहे. उदाहरणामागचा खरा इतिहासही इतका समतोल नव्हता. पोर्तुगीज वाइन आणि इंग्रजी लोकरी कापड यांचा व्यापार १७०३ च्या मेथुएन करारातल्या जकातीच्या सवलतींवर वाढला होता, आणि पोर्तुगालची तूट बऱ्याच अंशी ब्राझीलच्या सोन्याने भरून निघत असे.

मग हा सिद्धांत प्रत्यक्षात खरा ठरतो का? तो तपासण्यात एक मोठी अडचण आहे. व्यापार नसता तर देशातल्या किमती काय असत्या, हे कळल्याशिवाय कोणती वस्तू तुलनेने स्वस्त होती ते सांगता येत नाही, आणि व्यापार करत असलेल्या देशात तशा किमती दिसतच नाहीत. त्यासाठी असा देश हवा, ज्याने दीर्घकाळ दारे बंद ठेवली, ज्याच्या आत बाजारपेठ जोमाने चालू होती, आणि ज्याने पुढे एकाएकी दारे उघडली. एकोणिसाव्या शतकातला जपान अगदी असा होता.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून दोनशेहून अधिक वर्षे जपानचा परदेशी व्यापार अत्यंत मर्यादित होता. नागासाकी बंदरात डच आणि चिनी व्यापाऱ्यांना मोजक्या प्रमाणात परवानगी होती. देशांतर्गत व्यापार मात्र भरभराटीला आलेला होता. ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे वायदे होत आणि व्यापारी भावांच्या नोंदी ठेवत. १८५३ मध्ये कमोडोर पेरीच्या अमेरिकी युद्धनौका आल्या, १८५८ मध्ये जपानला पाश्चात्त्य देशांशी व्यापारी करार करावे लागले आणि १८५९ च्या जुलैत योकोहामा, नागासाकी व हाकोदाते ही बंदरे खुली झाली. हे करार विषम होते. आयातीवर स्वतःच्या मर्जीने जकात बसवण्याचा हक्क जपानच्या हाती राहिला नाही, आणि १८६६ नंतर ती साधारण पाच टक्क्यांवर बांधली गेली. जपानसाठी ही मानहानी होती. अभ्यासकांना मात्र तिच्यामुळे जवळजवळ निर्बंधमुक्त व्यापाराचे चित्र मिळाले.

बंदरे उघडताच कच्चे रेशीम आणि चहा बाहेर जाऊ लागले, आणि सुती सूत, सुती कापड व लोकरी कापड आत येऊ लागले. रेशमाला मिळालेल्या मागणीमागे दैवाचाही हात होता. त्याच सुमारास फ्रान्स आणि इटलीतले रेशीमकिडे पेब्रीन नावाच्या रोगाने मरत होते. १८६५ पासून लुई पाश्चर याच रोगाच्या मागे लागला होता. युरोपातल्या रेशीम-उत्पादकांना निरोगी बीज हवे होते, म्हणून कागदाच्या तावांवर घातलेली जपानी रेशीमकिड्यांची अंडीसुद्धा जहाजांनी युरोपला जाऊ लागली. जपानमध्ये रेशमाचा भाव चढला, परदेशी सुतामुळे कापसाचा उतरला.

डॅनियल बर्नहोफेन आणि जॉन ब्राउन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये या काळाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांची कसोटी साधी आहे. १८६८ ते १८७५ या प्रत्येक वर्षी जपानने जे आयात केले आणि जे निर्यात केले, त्या दोन्हींचे मोल बंदरे उघडण्यापूर्वीच्या देशी भावांनी करायचे. सिद्धांत खरा असेल तर त्या जुन्या भावांनी आयात भारी भरली पाहिजे, म्हणजे पूर्वी जे महाग होते ते आत येत असले पाहिजे आणि जे स्वस्त होते ते बाहेर जात असले पाहिजे. प्रत्येक वर्षी तसेच आढळले. पुढच्या वर्षी त्यांनी लाभाचाही अंदाज बांधला: व्यापारातून झालेला फायदा जपानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या फार तर आठ-नऊ टक्के. मला हा आकडा दोन्ही टोकांच्या मंडळींसाठी महत्त्वाचा वाटतो. तो नगण्य नाही, आणि केवळ बंदरे उघडल्याने देश श्रीमंत होतो असे म्हणण्याइतका मोठाही नाही.

हे टक्के सगळ्या देशाचे मिळून आहेत. रेशीम पिकवणाऱ्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना चांगले दिवस आले, पण क्योटोतल्या निशिजिनच्या विणकरांना तेच रेशीम परवडेनासे झाले आणि माग थंडावले. १८६० मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सरकारने धान्य, दिव्याचे तेल, मेण, कापड आणि कच्चे रेशीम हा माल आधी एदोला (आजच्या टोकियोला) आणावा, थेट बंदरावर नेऊ नये, असा हुकूम काढला. तो फारसा टिकला नाही. जिंकणाऱ्यांची कमाई हरणाऱ्यांच्या नुकसानीपेक्षा जास्त असते, एवढेच सिद्धांत सांगतो. त्या कमाईतला काही भाग विणकरांपर्यंत पोहोचवण्याची कोणतीही आपोआप चालणारी यंत्रणा त्यात नाही, आणि त्या काळच्या जपानी सरकारकडेही ती नव्हती. व्यापाराचे समर्थन करताना ही बाजू तळटीपेत ढकलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

शिवाय तुलनात्मक लाभ एका जागी स्थिर राहत नाही. १८८० च्या दशकात जपानी विणकर जे जाडे परदेशी सूत वापरत, त्यात मुंबईच्या गिरण्यांचे सूत इंग्रजी सुताला मागे सारत होते. त्याच दशकात ओसाकात वाफेवर चालणारी मोठी सूतगिरणी उभी राहिली, तिच्यापाठोपाठ इतर गिरण्या आल्या, आणि त्या स्त्री-कामगारांच्या स्वस्त श्रमावर रात्रपाळीतही चालू लागल्या. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मुंबई ते जपान आगबोटींचा मार्ग सुरू केला, तो मुख्यतः भारतीय कापूस नेण्यासाठी. १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरची आयात जकात काढून टाकली. ओसाकाच्या परिसरातला कापूस आधीच मागे पडला होता, आता त्याची लागवड जवळजवळ संपली. वऱ्हाड-खानदेशातल्या आखूड धाग्याच्या कापसाला मात्र मोठे गिऱ्हाईक मिळाले. १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. हे सूत मुख्यतः चीनला जाऊ लागले, आणि चीन हीच मुंबईच्या सुताची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. ती हातची निसटू लागली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांनी सूत विकण्यापेक्षा त्याच सुताचे कापड विणून ते देशातच विकण्याकडे मोर्चा वळवला.