‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या की’

जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंची कुत्री गेल्या आठवड्यात पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हती. नातवाचे जुने कानटोपरे तिने पोटाशी ओढून घेतले होते, कोणी हात पुढे केला की ती गुरगुरत होती, आणि तिच्या आचळांतून दुधाचे थेंब येत होते. ती व्यालेली नव्हती आणि गाभणही नव्हती. दसऱ्याच्या सुमारास तिचा माज येऊन गेला होता आणि त्या दिवसांत तिला फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलेले नव्हते. काकू मला म्हणाल्या, “बघा की, हिला आई व्हायचंय. आणि तुम्ही म्हणता ऑपरेशन करा.”

पाळीव प्राण्यांच्या निर्बीजीकरणाला घरोघरी जो नकार मिळतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा अशाच एखाद्या दृश्यात असते. काकूंनी पाहिले ते खरेच होते, मात्र त्याचा अर्थ शरीरशास्त्र वेगळा लावते. स्त्रीच्या शरीरात गर्भ राहिला नाही, तर प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक तयार करणारा अंडाशयातला पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत विरून जातो. कुत्रीचे तसे नाही. माजानंतर नराशी संबंध आला असो वा नसो, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने, म्हणजे जवळजवळ तिच्या 63 दिवसांच्या गर्भकाळाइतकेच टिकते. ते उतरू लागले की प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते, दूध येते, कोपरा शोधला जातो आणि हाताशी येईल ती मऊ वस्तू पिल्लू होते. याला छद्म गर्भावस्था म्हणतात. एकदा पिल्ले झाल्याने ही अवस्था कायमची मिटत नाही. पुढच्या माजानंतर ती पुन्हा येऊ शकते. एकदा विणे कुत्रीच्या प्रकृतीला आवश्यक असते, या समजुतीलाही शास्त्रीय आधार नाही.

तरीही या नकाराला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. त्याचा काही भाग मायेचा आहे, काही गैरसमजाचा आहे, आणि काही भाग असा आहे की ज्याला अलीकडच्या संशोधनाने दुजोरा दिला आहे. या तिन्हींना एकच उत्तर देऊन चालत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर नर जनावराचे खच्चीकरण इथे कोणाला नवे नाही. खिलार खोंड औताला जुंपायचे म्हटल्यावर ते बडवून घेणे किंवा त्याला चिमटा लावणे हे शेतकऱ्याच्या घरात पेरणीइतकेच सरावाचे काम होते आणि त्यात कोणाला पाप वाटले नाही. त्याच घरातली पुढची पिढी सोलापुरात येऊन कुत्रा पाळते, तेव्हा मात्र तिचा पाय अडतो. बैलाला नाव असले, तरी त्याची जागा गोठ्यात होती आणि त्याचे नाते कामाशी होते. कुत्रा दत्ताच्या तसबिरीखाली, बैठकीच्या खोलीत झोपतो आणि मुलांच्या बरोबरीने हाक मारली की येतो. घरच्या माणसाच्या शरीराविषयी जो संकोच वाटतो, तोच त्याच्याविषयी वाटू लागतो, आणि हा संकोच मला माणुसकीचाच वाटतो.

या संकोचात एका शब्दाने भर घातली आहे. बोलताना आपण सर्रास ‘नसबंदी’ म्हणतो. माणसाच्या नसबंदीत केवळ वाट बंद केली जाते. वृषण किंवा अंडाशय जागेवर राहतात, संप्रेरके पूर्वीसारखीच स्रवतात आणि स्त्रीची पाळीही चालू राहते. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत मात्र नराचे वृषण आणि मादीचे अंडाशय, बहुधा गर्भाशयासह, काढले जातात. म्हणजे प्रजनन तर थांबतेच, शिवाय शरीरातला संप्रेरकांचा एक मोठा झराही आटतो. फायदे आणि तोटे दोन्ही या आटण्यातून येतात, त्यामुळे मालकाला आधी हा फरक नीट सांगितला गेला पाहिजे.

नर कुत्र्याच्या बाबतीत आक्षेप अधिक ठाम असतो आणि तो बहुधा घरातल्या पुरुषांकडून येतो. ऑस्ट्रेलियात 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही स्त्रियांपेक्षा पुरुष मालक खच्चीकरणाला अधिक नाखूश असल्याचे दिसले होते. ‘त्याची मर्दानगी जाईल’ या म्हणण्यात मालक नकळत स्वतःला कुत्र्याच्या जागी ठेवतो. अमेरिकेत तर खच्ची केलेल्या कुत्र्याला पूर्वीसारखे दिसावे म्हणून कृत्रिम वृषण बसवण्याची सोय 1995 पासून आहे. कुत्र्याच्या मनात स्वतःची अशी काही प्रतिमा असते, असे मानायला पुरावा नाही. ‘मग तो राखण करणार नाही’ ही भीतीही बरीचशी निराधार आहे, कारण अनोळखी माणसावर भुंकणे हे मुख्यतः जात, सवय आणि आपल्या जागेची जाण यांवर अवलंबून असते. माजावरच्या मादीच्या मागे मैलभर भटकणे, जागोजागी मुतून खूण करणे आणि नरांशी मारामाऱ्या हे प्रकार मात्र बऱ्याच अंशी कमी होतात. याच्या उलट, भित्र्या स्वभावामुळे चावणारा कुत्रा खच्चीकरणाने सुधारेल, अशी आशा कोणी दाखवली तर ती स्वीकारू नये. तसे होईलच असे नाही.

‘जनावर सुटते’ ही तक्रार खरी आहे. शस्त्रक्रियेनंतर शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. वाटीभर दूध-पोळी पूर्वीइतकीच देत राहिले, तर वर्षभरात पोट लोंबू लागणारच. उपाय वाटीतच आहे.

सर्वांत विचार करायला लावणारा आक्षेप हाडांचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 साली 759 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार न केलेल्यांच्या दुप्पट, म्हणजे सुमारे 10 टक्के आढळला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा प्रकार न केलेल्या कुत्र्यांत एकही नव्हता, तर लवकर शस्त्रक्रिया झालेल्या नरांत 5 आणि माद्यांत 8 टक्के होता. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या लैंगिक संप्रेरकांच्या इशाऱ्यावर बंद होतात. तो इशारा आलाच नाही, तर हाड थोडे अधिक काळ वाढते आणि सांध्याची ठेवण बदलू शकते. याच गटाने 2020 साली 35 जातींचा अभ्यास मांडला. त्यात बहुतेक लहान चणीच्या जातींना असा धोका दिसला नाही, मोठ्या चणीच्या अनेक जातींना मात्र दिसला. खोंडाची मान आणि वशिंड भरू दिल्याशिवाय त्याला चिमटा न लावणारा आपल्याकडचा जुना शेतकरी अनुभवाने हीच गोष्ट पाळत होता. म्हणून लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड पाळणारा मालक ‘इतक्या लवकर नको’ म्हणतो, तेव्हा त्याचे ऐकून घेतले पाहिजे. त्याने कुत्र्याची जात आणि वय समोर ठेवून पशुवैद्याशी बोलावे.

नॉर्वेत सबळ कारणाशिवाय निरोगी कुत्र्यावर ही शस्त्रक्रिया करू नये, अशीच कायद्याची दिशा आहे. तो दाखला आपल्याकडेही दिला जातो. परंतु तिथे मोकाट कुत्रे रस्त्यावर सहसा दिसत नाहीत. आपल्या गल्लीत कुत्री माजावर आली की तिसऱ्या दिवशी फाटकाशी सहा नर बसलेले असतात.

आता माझ्याच घरातली गोष्ट. आमच्या राणीचे ऑपरेशन मी सात वर्षे टाळले. निरोगी जनावराच्या पोटावर सुरी कशाला, एवढाच माझा मुद्दा होता. एका मे महिन्यात ती पाण्याचे भांडे दिवसातून चार-पाच वेळा रिकामे करू लागली. पारा 43 अंशांवर होता, त्यामुळे मला ती तहान उन्हाची वाटली. तिसऱ्या दिवशी तिने ओकारी केली आणि उठेना. सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेले निघाले. रात्री शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये ते मला दाखवले. एरवी पेन्सिलीएवढी असणारी गर्भाशयाची शिंगे हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी तट्ट फुगली होती. राणी वाचली.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात आणि त्याची वाट तीच आहे, जिच्यावर काकूंच्या कुत्रीला दूध आले. दोन महिने टिकणारे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर जाड करते, त्याचे आकुंचन थांबवते आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. माजाच्या काळात आत शिरलेल्या आतड्यातल्या जिवाणूंना ती उबदार जागा मिळते. त्यांचे विष मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी करते, म्हणून ती अनावर तहान लागते. गर्भाशयाचे तोंड बंद असेल, तर बाहेर थेंबही दिसत नाही. स्वीडनमध्ये, जिथे निरोगी कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया फारशी होत नसे, विम्याच्या नोंदींवरून असे दिसले की जवळजवळ चौथा हिस्सा माद्यांना दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. मी टाळलेली शस्त्रक्रिया शेवटी झालीच, पण तरुण निरोगी शरीरावर न होता तापाने फणफणलेल्या सात वर्षांच्या कुत्रीवर झाली.

स्तनांच्या गाठींबाबत 1969 सालचे आकडे नेहमी दिले जातात: पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाल्यास धोका न केलेल्यांच्या 0.5 टक्के, पहिल्या माजानंतर 8 टक्के आणि दुसऱ्यानंतर 26 टक्के. 2012 साली या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असे पुढे आले. म्हणून केवळ या आकड्यांनी कोणाला घाबरवणे मला पटत नाही. आयुष्याच्या लांबीविषयी मात्र 2013 साली अमेरिकेत चाळीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदींवरून हाती आलेले चित्र बोलके आहे: मृत्यूचे सरासरी वय शस्त्रक्रिया झालेल्यांत 9.4 वर्षे आणि न झालेल्यांत 7.9 वर्षे होते. पहिल्या गटात कर्करोगाने मृत्यू अधिक आणि संसर्ग व अपघाताने कमी होते.

मांजरांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. मांजरी पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, संबंध आल्यावरच तिचे बीज सुटते, आणि आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फार लहान होत नसल्यामुळे ती वर्षाचा बहुतेक काळ माजावर येऊ शकते.

काकूंना मी राणीची गोष्ट सांगितली. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही, मग विचारले, “मग उद्याच नेऊ का?” उद्या मात्र नेऊ नये. दूध चालू असताना अंडाशय काढले, तर प्रोजेस्टेरॉन एकदम घसरते, प्रोलॅक्टिन उसळते आणि ही अवस्था लांबत जाते. आचळे पिळायची नाहीत, दूध पूर्ण आटू द्यायचे आणि माजापासून तीन-साडेतीन महिने झाल्यावर न्यायचे. काकूंनी नव्या वर्षाचे नुकतेच आणलेले कॅलेंडर उघडले, दसऱ्यापासून बोटांवर महिने मोजले आणि संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतरच्या आठवड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.