पाणी डोलायचं थांबेना

१९११च्या आसपासची गोष्ट. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात कार्ल हीमेन्ट्स नावाचा विद्यार्थी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होता. काम सांगायला सोपं होतं. वाहत्या पाण्यात एक गोल दंडगोल बुडवायचा आणि त्याच्या पृष्ठभागावर कुठे किती दाब पडतो ते मोजायचं. अडचण एवढीच, की दंडगोलामागचं पाणी स्थिर वाहायला तयार नव्हतं. ते सतत डावीउजवीकडे डोलायचं.

प्रांटल म्हणाले, दंडगोल नीट गोल नसणार. हीमेन्ट्सनं तो पुन्हा काळजीपूर्वक घडवून घेतला, तरी पाणी डोललंच. मग संशय पाण्याच्या पाटावर गेला: त्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतील. त्यांचीही जुळवाजुळव सुरू झाली. त्याच विभागात थिओडोर फॉन कार्मान हा तरुण संशोधक होता. तो रोज सकाळी हीमेन्ट्सला विचारायचा, पाणी थांबलं का? उत्तर रोज नकारार्थी. शेवटी कार्मानच्या मनात आलं, की इतकं करूनही ते डोलतंय, तर त्याला काही नैसर्गिक कारण असलं पाहिजे. एका शनिवार-रविवारी त्यानं गणित मांडलं. दंडगोलामागे भोवऱ्यांच्या दोन रांगा तयार होतात. त्या समोरासमोर असतील तर टिकत नाहीत. एक भोवरा इकडे, पुढचा तिकडे अशी आलटून-पालटून मांडणी असेल आणि अंतरांचं प्रमाण ठरावीक असेल, तरच टिकतात. म्हणजे डोलणं हाच त्या प्रवाहाचा स्वभाव होता. या भोवऱ्यांना आज कार्मानचं नाव आहे.

मेकॅनिकल आणि एरोस्पेस इंजिनिअरिंगमध्ये पदवीनंतर पुढे काय शिकतात, असं कुणी विचारलं तर मला हीच गोष्ट सांगावीशी वाटते. पदवीच्या प्रयोगशाळेत उत्तर आधीच ठाऊक असतं. आकडा जुळला नाही, तर चूक विद्यार्थ्याची. संशोधनात हा आधार निघून जातो. आकडा जुळत नसेल, तर दोष उपकरणात आहे, गणितात आहे, की निसर्ग काहीतरी नवं सांगतोय? या तिन्हींतला फरक ओळखणं हेच खरं शिक्षण. बाकीचे विषय त्यासाठीच असतात, असं माझं ठाम मत आहे. आणि हीमेन्ट्सची मेहनत वाया गेली असंही नाही: पृष्ठभागावर समोरून आदळणाऱ्या प्रवाहाचं त्यानं सोडवलेलं गणित आजही पदव्युत्तर वर्गात त्याच्याच नावानं शिकवतात.

मेकॅनिकल आणि एरोस्पेस या दोन शाखा एका विभागात का नांदतात, याचं उत्तरही याच प्रयोगाच्या मुळाशी आहे. घर्षण नसलेल्या द्रवाचं जुनं गणित सांगायचं, की स्थिर प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला काहीच विरोध होत नाही. ते उघड चुकीचं होतं. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत प्रांटल यांनी त्यातून वाट काढली. द्रवाचा किंवा हवेचा चिकटपणा महत्त्वाचा ठरतो तो पृष्ठभागालगतच्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात. सेकंदाला १० मीटर वेगाच्या हवेत गुळगुळीत सपाट पत्रा धरला, तर पुढच्या कडेपासून एक मीटरवर हा थर जेमतेम ६ मिलिमीटर भरतो. विमानाचं इंधन किती जळेल, टर्बाइनचं पातं किती तापेल, पाइपातून तेल ढकलायला किती ताकद लागेल, हे सगळं या थरावर अवलंबून आहे. समीकरणं तीच, फक्त यंत्र वेगळं.

भोवऱ्यांचंही तसंच. गोल वस्तूमागे भोवरे सेकंदाला किती वेळा सुटतील, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: वेगाला व्यासानं भागायचं आणि ०.२ नं गुणायचं. ५ मिलिमीटर जाडीच्या तारेवर सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आला, तर सेकंदाला सुमारे ४०० वेळा. तार गुणगुणते ती त्यामुळे. पण हीच लय एखाद्या भागाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, तर धातू थकतो. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५मध्ये सोडियमची गळती झाली. तापमापकाची नळी प्रवाहामुळे कंप पावून तुटली होती.

आजच्या विद्यार्थ्याचा बराच वेळ संगणकावर जातो. तिथला धोका असा, की संगणक नेहमीच काहीतरी उत्तर देतो, आणि ते रंगीत, सुंदर दिसतं. खळबळत्या प्रवाहातला प्रत्येक लहान भोवरा पकडायचा असेल, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारा आकडा) दहापट झाल्यावर जाळीतले, म्हणजे संगणक ज्या ठिकाणी हिशेब करतो ते, बिंदू सुमारे १७८ पट लागतात. पूर्ण विमानासाठी ते परवडत नाही, म्हणून अंदाजाची प्रारूपं वापरावी लागतात. जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलतं का, ते मोजमापाशी जुळतं का, हे न तपासता दिलेला आलेख मी तरी निष्कर्ष मानणार नाही.

मोजमापाचा विषय निघाला की सतीश धवन यांचा प्रबंध आठवतो. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेल्या धवनांनी १९५१ साली अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत हान्स लीपमान यांच्याकडे पीएच.डी. केली. विषय होता, पृष्ठभागावर हवेच्या घर्षणाचं बळ थेट मोजणं. तोवर ते बहुतेकदा वेगाच्या मोजमापावरून काढत. धवनांनी पृष्ठभागाचा एक इवलासा तुकडा सुटा ठेवला आणि हवा त्याला किती ओढते तेच मोजलं. बळ मिलिग्रॅमांतलं. सुट्या तुकड्याभोवतीची फट किंचित चुकली, तर प्रवाह बिघडणार आणि घर्षणाऐवजी फटीचाच परिणाम मोजला जाणार. म्हणून अशा प्रबंधात उपकरणाची पडताळणी निष्कर्षांइतकीच वाचण्यासारखी असते.

शांत सीमास्तर खळबळता कसा होतो, यावर धवन आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंहा यांनी १९५८ साली बंगळूरहून महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. हा बदल नेमका कुठे होईल, हे ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाला अजूनही खात्रीनं सांगता येत नाही. तिथे हा प्रश्न जिवावरचा आहे, कारण थर खळबळला की पृष्ठभागावर येणारी उष्णता कित्येक पट वाढते. प्रयोग करावा तर विंड टनेलच्या, म्हणजे मॉडेलवर वेगानं हवा सोडणाऱ्या बोगद्याच्या, भिंतींवरचा सीमास्तरच आवाज करतो, आणि त्या आवाजानं मॉडेलवरचा थर वेळेआधी खळबळतो. म्हणून अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी ‘शांत’ टनेल बांधले आहेत. त्यांच्या नोझलच्या, म्हणजे हवेला वेग देणाऱ्या तोंडाच्या, आतल्या भिंती आरशासारख्या घासाव्या लागतात, आणि धुळीचा कणसुद्धा चालत नाही.