जुना खेड म्हणजे आजचा शिरूर नव्हे

पुणे जिल्ह्याच्या राजकारणाविषयी बोलताना 'पूर्वीचा खेड, म्हणजे आताचा शिरूर' असे वाक्य सहज बोलले जाते आणि ऐकणाऱ्यालाही ते खटकत नाही. असे होण्याचे मुख्य कारण म्हणजे शिवाजीराव आढळराव पाटील. शिवसेनेच्या उमेदवारीवर ते २००४ मध्ये खेडमधून आणि २००९ व २०१४ मध्ये शिरूरमधून लोकसभेवर निवडून गेले. खासदार तोच, पक्ष तोच, म्हणून मतदारसंघही तोच असला पाहिजे आणि बदलले असेल ते फक्त नाव, अशी समजूत त्यातून झाली. विधानसभेच्या जागांचा हिशेब मात्र या समजुतीला अर्धाच दुजोरा देतो.

खेड लोकसभा मतदारसंघ १९५७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत अस्तित्वात होता. त्याच्या सीमा या काळात एकसारख्या राहिल्या असे नाही. आज ज्यांना जुना खेड आठवतो, त्यांच्या मनात असतो तो १९७६ च्या सीमांकनातून आलेला आणि १९७७ पासून पुढे चाललेला मतदारसंघ. त्या काळी जिल्ह्यात विधानसभेच्या अठरा जागा होत्या आणि त्या पुणे, बारामती व खेड या तीन लोकसभा मतदारसंघांत सहा-सहा अशा वाटलेल्या होत्या. खेडच्या वाट्याला जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, मावळ, मुळशी आणि हवेली हे मतदारसंघ आले होते. म्हणजे उत्तरेला जुन्नरचा डोंगरपट्टा, पश्चिमेला मावळ-मुळशीचा घाटमाथा आणि मध्ये पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत असे तीन अगदी वेगळ्या घडणीचे प्रदेश एकाच खासदाराकडे होते.

शिरूर विधानसभा मतदारसंघ या सहांत नव्हता. तो बारामतीत होता. त्यामुळे आढळराव पाटील खेडचे खासदार झाले, त्या २००४ च्या निवडणुकीत शिरूर विधानसभा मतदारसंघातल्या मतदारांनी मत दिले ते बारामतीच्या जागेसाठी, आणि त्यांचे खासदार झाले शरद पवार. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली, तरी 'खेडचेच नाव शिरूर झाले' हे विधान टिकत नाही.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नव्या सीमा आखल्या. त्या २००८ मध्ये अमलात आल्या आणि २००९ च्या निवडणुका त्यांनुसार झाल्या. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ या एकूण जागा कायम राहिल्या, पण त्यांची वाटणी लोकसंख्येनुसार नव्याने झाली. पुणे जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा अठराच्या एकवीस झाल्या. त्याच वेळी भवानी पेठ, बोपोडी, मुळशी आणि हवेली ही चार नावे यादीतून गेली. यातली शेवटची दोन खेड लोकसभेतली होती, आणि खरी मोडतोड तिथेच झाली.

कारखानदारीमुळे मतदारसंख्या फुगत गेलेल्या हवेलीच्या जागी पिंपरी, चिंचवड आणि भोसरी अशा जागा आल्या. पैकी पिंपरी आणि चिंचवड हे मावळच्या जोडीने नव्या मावळ लोकसभा मतदारसंघात गेले. त्यात घाटाखालचे पनवेल, कर्जत आणि उरण हे रायगड जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघही आहेत. भोसरी मात्र शिरूरकडे गेली. एका महापालिकेचे शहर असे दोन खासदारांत विभागले गेले, आणि भोसरीच्या कामगार वस्तीचा लोकसभा मतदारसंघ नगर रस्त्यावरच्या, जिल्ह्याच्या पार टोकाच्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कागदावर हे गणित जुळत असेलही. भोसरीकराला ते कसे पटवून द्यायचे, हा प्रश्न वेगळा. मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघाला आणि त्यायोगे बारामती लोकसभेला जोडला गेला.

अशा रीतीने आजच्या शिरूर लोकसभेत जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर या सहा जागा आहेत. जुन्या खेडशी त्यांची तुलना केली, तर नावानिशी कायम राहिलेल्या जागा फक्त पहिल्या तीन. त्यांच्याही सीमा जशाच्या तशा समजू नयेत. उदाहरणार्थ, पाबळसह शिरूर तालुक्यातली बरीच गावे आज विधानसभेसाठी आंबेगावला जोडलेली आहेत.

नकाशापेक्षाही खासदारांची यादी या बाबतीत अधिक बोलकी आहे. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या भरात, खेडमधून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून आले. त्यानंतर १९६२ आणि १९६७ मध्ये काँग्रेसचे रघुनाथ केशव खाडिलकर विजयी झाले. १९६७ ते १९६९ या काळात ते लोकसभेचे उपाध्यक्ष होते. खेडच्या खासदाराने त्या सभागृहात भूषवलेले हे पद आज फारसे कोणाला आठवत नाही. १९७१ मध्ये खाडिलकर बारामतीतून निवडून गेले आणि खेडची जागा अनंतराव पाटील यांच्याकडे आली. १९७७ मध्ये अण्णासाहेब मगर, तर १९८० आणि १९८४ मध्ये प्रा. रामकृष्ण मोरे काँग्रेसकडून निवडून आले. पुढे शालेय शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आणणारे आणि ज्यांच्या नावाचे प्रेक्षागृह चिंचवडमध्ये आहे, ते हेच मोरे. १९८९ मध्ये जनता दलाच्या किसनराव बाणखेले यांनी काँग्रेसची ही साखळी तोडली, पण १९९१ मध्ये विदुरा नवले आणि १९९६ मध्ये निवृत्ती शेरकर यांनी जागा पुन्हा काँग्रेसकडे आणली. अशोक मोहोळ १९९८ मध्ये काँग्रेसचे आणि १९९९ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रवादीचे खासदार झाले.

यातल्या काहींची कार्यक्षेत्रे आजच्या नकाशावर ठेवून पाहावीत. मंचरचे बाणखेले आणि जुन्नरमध्ये विघ्नहर साखर कारखाना उभा करणारे शेरकर हे आजच्या शिरूरचे. पिंपरी-चिंचवडच्या राजकारणातून पुढे आलेले मोरे आज मावळमध्ये मोडतील. मुळशीच्या मोहोळांचा तालुका आता बारामतीत आहे. म्हणून खेडच्या साऱ्या खासदारांना शिरूरचे 'माजी खासदार' म्हणून एका माळेत ओवणे मला चुकीचे वाटते. ही माळ शिरूरइतकीच मावळची आहे, आणि तिच्यातला एखादा मणी बारामतीचाही आहे. हवेलीतून १९९० आणि १९९५ मध्ये शिवसेनेचे आमदार झालेले गजानन बाबर २००९ मध्ये मावळचे पहिले खासदार झाले, यातही जुन्या खेडचाच एक धागा पुढे गेलेला दिसतो. आढळरावांचा धागा ठळक असल्याने बाबरांचा हा धागा कोणी मोजत नाही, इतकेच.

शिरूरची स्वतःची यादी अजून छोटी आहे. आढळराव पाटील दोनदा आणि त्यांचा पराभव करून डॉ. अमोल कोल्हे २०१९ व २०२४ असे दोनदा. कोल्हे आधी अविभक्त राष्ट्रवादीचे आणि नंतर शरद पवार गटाचे उमेदवार होते, तर २०२४ मध्ये आढळराव अजित पवार यांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते. आढळराव आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे आणि कोल्हे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे, म्हणजे मतदारसंघाला शिरूरचे नाव मिळाले, तरी खासदारकी अजून पुणे-नाशिक रस्त्यालाच धरून आहे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. लोकसभेचा खेड गेला, पण विधानसभेचा खेड-आळंदी गेलेला नाही. तिथून दिलीप मोहिते पाटील २००४, २००९ आणि २०१९ मध्ये, सुरेश गोरे २०१४ मध्ये आणि बाबाजी काळे २०२४ मध्ये निवडून आले. शिवाय २००९ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातही खेड नावाचा विधानसभा मतदारसंघ होता आणि रामदास कदम तिथले आमदार होते. जुने निकाल चाळताना 'खेड' एवढेच दिसले, तर आधी सभागृह आणि मग जिल्हा पाहून घ्यावा. मतांची तुलना करायची झाल्यास २००४ च्या खेडचे आणि २००९ च्या शिरूरचे एकूण आकडे शेजारी मांडून काहीच हाती लागणार नाही. जुन्नर, आंबेगाव आणि खेड-आळंदी या तीनच जागांचे आकडे, तेही बदललेल्या सीमांचे भान ठेवून, एकमेकांसमोर ठेवता येतात. शिरूर विधानसभेचा आधीचा इतिहास मात्र बारामतीच्या निकालांतच शोधावा लागतो.