वाढवण बंदर आणि बडोद्याचा पृष्ठप्रदेश

वाढवण बंदर हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील वाढवण गावासमोरच्या समुद्रात उभारले जात असलेले खोल पाण्याचे बंदर. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी त्याला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६,२०० कोटी रुपये आहे. बांधणीसाठी स्थापन केलेल्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा (जेएनपीए) वाटा ७४ टक्के, तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. बंदर महाराष्ट्राचे खरे, पण ते चालेल की नाही हे ठरवणारा बराचसा माल बडोद्यावरून, म्हणजे बंदराला माल पुरवणाऱ्या आतल्या भागातून (पृष्ठप्रदेशातून), येणार आहे, आणि या नोंदीचा भर त्यावरच आहे.

खोलीचे महत्त्व

आज समुद्रात फिरणारी सर्वांत मोठी कंटेनर जहाजे सुमारे ४०० मीटर लांब असतात आणि वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने २४,००० पर्यंत पेट्या वाहतात. पूर्ण भरल्यावर अशा जहाजाचा सोळा मीटर किंवा त्याहून अधिक भाग पाण्याखाली असतो. १९८९ पासून चालू असलेल्या जेएनपीएच्या न्हावा शेवा बंदरात एवढी खोली टिकवायची तर खाडीतला गाळ सतत उपसावा लागतो. वाढवणसमोर किनाऱ्यापासून फार दूर न जाता सुमारे वीस मीटरची नैसर्गिक खोली मिळते. जागेच्या निवडीमागचे मुख्य कारण हेच.

आराखड्यात प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर टर्मिनल आहेत. त्याशिवाय चार बहुउद्देशीय धक्के, द्रवमालासाठी चार धक्के, वाहने थेट जहाजात चढवण्याचा एक धक्का आणि तटरक्षक दलाचा स्वतंत्र धक्का आहे. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा असून १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत बांधायची आहे. पूर्ण क्षमता वर्षाला २९ कोटी ८० लाख टन सांगितली जाते.

भारतात खोल बंदरच नव्हते, असा प्रचार ऐकू येतो. तो बरोबर नाही. कच्छमधले मुंद्रा मोठी जहाजे घेतेच आणि केरळमधल्या विळिंजम बंदराचे व्यापारी कामकाज डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. तरीही भारताच्या मालापैकी ज्या पेट्या वाटेत जहाज बदलतात, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश पेट्यांची ही अदलाबदल अनेक वर्षे कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांतच होत आली. त्यात निर्यातदाराचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात.

बडोद्याचा संबंध

बडोद्याच्या आसपास कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, नंदेसरीची रसायने, ट्रान्सफॉर्मर व विद्युत उपकरणांचे उद्योग, औषधनिर्मिती आणि सावलीचा रेल्वेडब्यांचा कारखाना आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या लोकल गाड्या सावलीतच बनल्या. दहेज आणि हजिरा ही बंदरे बडोद्याला वाढवणपेक्षा कितीतरी जवळ आहेत. वाढवण रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडेल. मग निर्यातदाराने तिकडे का जावे? युरोप-अमेरिकेकडे थेट जाणारे मोठे जहाज मिळत असेल तर शंभर-दीडशे किलोमीटरचा जास्तीचा रेल्वेप्रवास परवडतो, हे त्याचे उत्तर.

हे गणित रेल्वेवर उभे आहे. दिल्लीजवळचे दादरी ते जेएनपीए हा फक्त मालगाड्यांसाठीचा, १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग बडोद्याजवळच्या मकरपुऱ्यावरून जातो. एकावर एक दोन कंटेनर ठेवून धावणाऱ्या विजेच्या गाड्या त्यावर चालतात. वाढवण या मार्गाला जोडले जाईल, तर राष्ट्रीय महामार्ग ४८ पर्यंत सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता होईल. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गही बडोद्याजवळूनच जातो. पण याच लोहमार्गाची वरची बाजू पालनपूरमार्गे मुंद्राकडे नेते. त्यामुळे दिल्ली-राजस्थानचा माल मुंद्राने सहज ओढून घ्यावा आणि दक्षिण गुजरातचा माल वाढवणला मिळावा, अशी विभागणी संभवते. बडोदा नेमके या दोन ओढींच्या मधे आहे. इंदूर-पिथमपूरचा माल रतलाम, गोध्रा करत बडोद्याला येतो. दाहोद-इंदूर मार्ग पूर्ण झाला की तो आणखी सरळ येईल.

समुद्रापासून आत असलेल्या या शहराला बंदराचा विचार नवा नाही. खंडेराव गायकवाडांच्या काळात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम ही भारतातली पहिली अरुंदमापी रेल्वे टाकली गेली. सुरुवातीला डबे बैल ओढत. डभोईकडचा कापूस मुंबईच्या मुख्य लोहमार्गापर्यंत पोचवणे हा तिचा हेतू होता. पुढे सयाजीराव महाराजांच्या राजवटीत काठियावाडच्या पश्चिम टोकाला, संस्थानाच्या ओखामंडळात ओखा बंदर बांधले गेले; ते १९२६ मध्ये खुले झाले. लगोलग १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने काठियावाडच्या बंदरांतून येणाऱ्या मालावर वीरमगाम येथे जकातीची नाकेबंदी पुन्हा लादली. धक्का आपला असून भागत नाही, धक्क्यापासून बाजारापर्यंतची वाट मोकळी हवी, हे बडोद्याने तेव्हाच भोगले.

सामरिक बाजू

मुंबई परिसरातली बंदरे एकाच खाडीच्या तोंडाशी एकवटली आहेत. अपघात किंवा युद्धप्रसंगी तो मार्ग अडला तर पर्याय हवा, आणि वाढवण तो देते. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गिकेसाठीही ते प्रवेशद्वार मानले जाते. मात्र शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे या पाण्यातली सुरक्षा व्यवस्था नेहमीपेक्षा कडक ठेवावी लागेल.

विरोध

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराचा आधीचा प्रस्ताव फेटाळला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह नव्या प्रस्तावाला संमती दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही किनाऱ्यावरची घोषणा तरीही थांबलेली नाही. इथला खडकाळ तळ माशांच्या पैदाशीची जागा आहे आणि मच्छीमारांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका त्यावर चालते. भराव समुद्रात असल्याने गाव उठणार नाही, हे सरकारी उत्तर अपुरे आहे, कारण मच्छीमाराची शेती पाण्यातच असते. सातबारा नसलेल्या त्या क्षेत्राची भरपाई कशी मोजायची, याची ठाम पद्धत ठरवणे हे बंदराच्या खर्चातच धरायला हवे. बडोद्याचा जो कारखानदार इथून माल पाठवेल, त्याच्या भाड्यात हा वाटा आला तर ते न्याय्यच होईल.