थेंब थांबला की टायमिंग आलं, पण ही पद्धत आली कुठून?

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जुन्या ट्रकचा डिझेल पंप बसवताना मिस्त्री एक नंबरच्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून डिझेल बाहेर सोडणारी झडप) आणि त्याची स्प्रिंग काढतो, तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावतो, हाताने डिझेल चढवतो आणि इंजिन हळूहळू फिरवत राहतो. आधी धार, मग थेंब थेंब, आणि थेंब थांबायला आला की म्हणतो, आलं टायमिंग. टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी पंप डिझेल दाबायला लागतो तो आकडा.

याचं मूळ जर्मनीत आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला नीट चाललं तेव्हा त्यात आजच्यासारखा पंप नव्हता, डिझेल दाबाच्या हवेने सिलिंडरमध्ये फुंकलं जायचं आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, त्यामुळे असलं धूड कारखान्यात आणि जहाजात चालायचं पण गाडीवर कुठे ठेवणार! ती अडचण सुटली बॉश कंपनीच्या लाईन पंपामुळे (प्रत्येक सिलिंडरला एक, असे एका रांगेत प्लंजर), ज्याचं उत्पादन १९२७ मध्ये सुरू झालं.

खरी गंमत त्या पंपाच्या प्लंजरमध्ये, म्हणजे बॅरल नावाच्या नळीत वर-खाली होणाऱ्या दांड्यात आहे. प्लंजर वर जाताना बॅरलचं डिझेल आत येण्याचं भोक झाकतो त्या क्षणी दाब सुरू होतो, आणि प्लंजरवरची तिरकी खाच भोकासमोर आली की दाब सुटतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की प्लंजर थोडा फिरतो, म्हणजे दाब सुटायची वेळ बदलते, पण सुरू व्हायची वेळ तीच राहते (बहुतेक लाईन पंपात). म्हणून तर बंद इंजिनवर टायमिंग लावता येतं, थेंब थांबला म्हणजे भोक झाकलं गेलं. स्पीड वाढला की इंजेक्शन लवकर व्हायला हवं कारण डिझेल पेटायला थोडा वेळ घेतंच आणि २००० आरपीएमला क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात १२ अंश फिरते, इंजेक्शन लवकर करायचं ते काम पंपाच्या पुढच्या टायमरमधली वजनं करतात. आणि पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे पंप १ अंश सरकवला की क्रँकवर २ अंशांचा फरक पडतो, म्हणून फ्लँज (पंप इंजिनला जोडणारी कडा) बोटभर ढकलून अंदाजाने आवळणं मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडे हा पंप रुळला टाटा-मर्सिडीजच्या ट्रकमुळे, तो करार १९५४ चा. बंगळुरूची मायको (बॉशची इथली कंपनी) १९५१ मध्येच स्थापन झाली होती, पुढे पंप आणि नोझल इथेच बनायला लागले. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होतीच, मग टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) कारखाना १९६६ मध्ये आला. कोथरूडच्या कमिन्सचं (१९६२) मात्र वेगळंच, त्यांचा पीटी पंप फक्त प्रेशर द्यायचा, टायमिंग इंजेक्टर ढकलणाऱ्या कॅमवर (फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर) असायचं, तिथे ही थेंबाची पद्धत लागूच नाही.

गोंधळ झाला धुराच्या नियमांनी. इंजेक्शन उशिरा केलं की ज्वलनाचं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात, म्हणून नियम कडक होत गेले तसं कंपन्यांनी टायमिंग मागे घेतलं आणि पंपाचा दाब वाढवला. एप्रिल २००५ मध्ये बीएस-३ (धुराच्या नियमांचा एक टप्पा) ज्या मोठ्या शहरांत आलं त्यात पुणंही होतं. त्यामुळे बाहेरून सारखीच दिसणारी दोन इंजिनं, पण आकडा वेगळा, आणि हाताला सवय जुन्या आकड्याची.

माझ्या मामाच्या गाडीला हेच झालं. घाटात पिकअप मिळेल म्हणून एका गॅरेजमध्ये टायमिंग जुन्या आकड्यावर उचलून दिलं, पिकअप थोडं वाढलंही, पण खंबाटकी चढताना इंजिन खडखडायला लागलं आणि गरम व्हायला लागलं, कारण पिस्टन वर पोचायच्या फार आधीच डिझेल पेटून दाब चढत होता. मामा म्हणाला डिझेलच खराब असेल. शेवटी निगडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी इंजिन नंबर विचारला, मॅन्युअल काढलं, सहा नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलतात ते बघून एक नंबर कॉम्प्रेशनवर असल्याची खात्री केली आणि मगच वाकडी नळी लावली. थेंब थांबला तो ठरलेल्या खुणेच्या कितीतरी आधी. त्यांनी पंप किंचित फिरवला, परत पहिल्यापासून सगळं केलं, तिसऱ्या वेळेला जुळलं तेव्हाच फ्लँजचे बोल्ट आवळले.