विसावे जॉन सापडत नाहीत? पुस्तक परत पाठवण्याआधी हे वाचा

पोपांच्या सचित्र इतिहासाची जुनी पुस्तकं आमच्याकडून वसईची कुटुंबं, धर्मग्रामांची वाचनालयं आणि धर्मशिक्षण देणारे शिक्षक आवडीने नेतात. मग तोच फोन येतो : “एकोणिसाव्या जॉननंतर एकदम एकविसावे आलेत. मधलं पान गेलंय, बदलून द्या.”

पान गेलेलं नसतं. विसावे जॉन नावाचे पोप झालेच नाहीत. मध्ययुगातल्या याद्यांमध्ये चौदाव्या जॉन यांची कारकीर्द चुकून दोन पोपांची धरली गेली. त्यामुळे १२७६ साली निवडून आलेल्या पोर्तुगीज पोपांनी एकविसावे हा क्रमांक घेतला, आणि पुढे तोच चालू राहिला. मार्टिन तर पहिल्यावरून थेट चौथ्यावर जातात (१२८१), कारण मधल्या काळातले मारिनुस नावाचे दोन पोप मार्टिन समजले गेले होते. उलट तेविसावे जॉन दोनदा भेटतील. १४१० चे बाल्दासारे कोस्सा आज अधिकृत यादीत नाहीत. १९५८ चे रोंकाल्ली आहेत, ज्यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली. ७५२ साली निवडून आलेले एक स्टीफन अभिषेकाआधीच वारले. व्हॅटिकनने १९६१ मध्ये त्यांना यादीतून वगळलं, म्हणून जुन्या पुस्तकात पुढचे सगळे स्टीफन एका आकड्याने पुढे दिसतात.

तेव्हा पोपांचे क्रमांक जुळवत बसू नका, पृष्ठक्रमांक पाहा. चित्रांची गुळगुळीत पानं बहुतेकदा वेगळी छापून शिवलेली असतात, त्यांवर क्रमांक नसतो. ती चित्रसूचीशी ताडून बघा. पाठवण्याआधी आम्ही प्रत्येक प्रत पानन् पान तपासतो आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने नोंद करतो. ही जड पुस्तकं कुरिअरने परत येताना कोपरे चेपतात, शिवण ढिली होते. म्हणून निव्वळ पोपांचा क्रमांक तुटला या कारणाने आम्ही पुस्तक परत घेत नाही. खरंच पान नसेल तर त्या जागेचा फोटो पाठवा. पूर्ण किंमत आणि कुरिअरचा खर्च आम्ही देऊ.

चेहऱ्यांबद्दलही विचारणा होते. दोन पुस्तकांत संत पीटर यांच्यानंतरचे पोप संत लायनस वेगवेगळे दिसले तर तो छपाईचा दोष नाही. सुरुवातीच्या पोपांची चित्रं त्यांना समोर बसवून काढलेली नाहीत, ती कलावंतांच्या कल्पनेतली आहेत. रोममध्ये तटाबाहेरच्या संत पॉल बॅसिलिकेत अशी मोठी चित्रमालिका होती. १८२३ च्या आगीत तिचा बराच भाग नष्ट झाला. आज तिथे दिसणारी गोल मोझेइक चित्रं १८४७ पासून बसवली गेली. आम्हाला स्वतःला तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं सर्वात जास्त आवडतात. त्यांतल्या बारीक रेघा फोटोत उमटत नाहीत, म्हणून जमल्यास दुकानात येऊन पाहा.

मागणी नोंदवताना कोणत्या पोपांपर्यंतचा इतिहास हवा ते जरूर सांगा. १९६४ मध्ये मुंबईला आलेले सहावे पॉल हवे असतील, तर ते पोप होण्याआधी छापलेलं पुस्तक कितीही देखणं असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. जुन्या पुस्तकासोबत आम्ही चौदाव्या लिओंपर्यंतची एक पानी पुरवणी मोफत देतो. न मिळाल्यास मागून घ्या.