तेन्‌या-वान्‌या

पुष्कळ माणसे एकाच वेळी, कोणी कोणाचे न ऐकता, धावपळ आणि आरडाओरड करू लागली की जो गोंधळ माजतो, त्याला उद्देशून जपानी बोलण्यात येणारा शब्दप्रयोग. तो बहुधा हिरागाना लिपीत लिहितात. उच्चारात ते-न्-या-वा-न्-या अशा सहा मात्रा येतात. ‘न्’ ही स्वतंत्र मात्रा असल्याने ‘तेन्या’ असा जोडउच्चार चुकीचा ठरतो.

हा प्रयोग एदो काळापासूनचा (1603–1868) मानला जातो. पूर्वार्धाचा संबंध ‘तेन्देनि’ (ज्याने त्याने, आपापले) या शब्दाशी जोडतात. त्याचे मूळ ‘ते नि ते नि’, म्हणजे शब्दशः ‘हाती हाती’. ईशान्य जपानच्या सान्‌रिकू किनाऱ्यावरील ‘त्सुनामी तेन्देन्‌को’ ही शिकवण याच कुळातली : लाट येताना कोणाचीही वाट न पाहता ज्याने त्याने उंचावर पळावे. 2011 च्या महाभूकंपानंतर ती देशभर पोहोचली. एकाच मुळातून गोंधळाचा शब्द निघावा आणि जीव वाचवणाराही, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे.

वाद आहे तो उत्तरार्धाचा. एका मतानुसार ‘वान्‌या’ हे ‘वाइवाइ’ या गलक्याच्या ध्वन्यनुकरणातून आले. दुसऱ्या मताने ते ओसाका-क्योतो भागातल्या ‘वाया’पासून (बिघडलेले, विस्कटलेले) बनले. ‘वाया’ हे ‘वायाकु’चे आखूड रूप असून, त्याच्या मुळाशी ‘फसवणूक’ या अर्थाचा चिनी घडणीचा शब्द असल्याचे सांगतात. मराठी ‘वाया’शी साम्य दिसते, पण तो केवळ योगायोग. दुसरे मत अधिक पटते : ‘जो तो आपापला’ आणि ‘विचका’ हे दोन अर्थ जुळले की शब्दाचा पूर्ण अर्थ उभा राहतो, मधला ‘न्’ यमकासाठी शिरला असावा.

‘केसा वा तेन्‌या-वान्‌या दात्ता’ म्हणजे ‘आज सकाळी नुसता गोंधळ उडाला होता’. ‘तेन्‌तेकोमाइ’ हा जवळचा शब्द मात्र वेगळा. त्यातले ‘तेन्‌तेको’ हा उत्सवातल्या लहान ढोलाचा आवाज. एकट्या माणसाची कामाच्या घाईत उडालेली तारांबळ त्यात येते. तेन्‌या-वान्‌याला माणसे अनेक लागतात.

युद्धोत्तर काळात हा शब्द घरोघरी पोहोचला तो शिशी बुन्‌रोकू यांच्या याच नावाच्या कादंबरीमुळे. ती 1948–49 मध्ये ‘माइनिचि’ वृत्तपत्रातून क्रमशः आली आणि 1950 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. शिशी तेन्‌या व सेतो वान्‌या या मान्‌झाइ (दोघांचा विनोदी संवाद) जोडीने आपली नावेही तिथूनच घेतली.